पहिलाच जिओकॅश बर्गमनच्या कबरीचा? जरूर जा, पण…

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधायचा खेळ, आणि कॅश म्हणजे तो डबा. पहिलाच शोध दफनभूमीत आहे म्हणून बिचकू नका. एकच गोष्ट पक्की धरा: अशा कॅशमध्ये डबा शक्यतो थडग्यापाशी नसतो. स्वीडनमधल्या फोरो बेटावर, चर्चच्या आवारात चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमन आणि त्यांची पत्नी इंग्रिड यांची कबर आहे. तिथे फक्त दगडावरचं वाचायचं, आकडे टिपायचे आणि त्यांवरून गणित करून डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून तिथे जायचं. दगड हलवणं, फुलं उचलून खाली बघणं, माती उकरणं अजिबात नको. नवशिके उत्साहात नेमकं हेच करतात. अंत्यविधी चालू असेल, तर मुकाट्याने परत फिरा.

बाकी मोजकंच:

- १९१८ आणि २००७ ही बर्गमनच्या जन्म-मृत्यूची वर्षं घरबसल्या मिळतात, पण प्रश्न दगडावरच्या अक्षरांवरही असू शकतो. कॅशचं वेबपान आधी नीट वाचा.
- अक्षांश-रेखांशात ५४.५०० मिनिटं म्हणजे ५४ मिनिटं ३० सेकंद. हा घोळ झाला की माणूस भलत्याच शेतात पोहोचतो!
- जीपीएस काही मीटर चुकणारच. जवळ आलात की फोन खिशात घाला आणि डोळे वापरा.
- डब्यातल्या वहीत नाव लिहायला पेन स्वतःचं न्या.

शेजारच्या गोटलंड बेटावरच्या फोरोसुंदहून फेरी फुकट आहे, दहाएक मिनिटांत पलीकडे. बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील' चित्रपटातला मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा तो सरदार आठवत असेल, तर डब्यात ठेवायला एखादं प्यादं घेऊन जा, विषयाला शोभेल. कोडी रचणं, ट्रॅकेबल (एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणाऱ्या, क्रमांक असलेल्या वस्तू) वगैरे सध्या राहू द्या. आधी हा डबा सापडू दे, मग बोलू.