डोले, मेळे आणि मतदारसंघ

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

धर्मामुळे राजकारण बिघडते की राजकारणामुळे धर्म, असे तू विचारले आहेस आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा विचारही कळवला आहेस. प्रश्न असा मांडलास तर एकाला आरोपी ठरवून दुसऱ्याला निर्दोष सोडावे लागेल, आणि माझ्या वाचनात तरी असा निर्दोष पक्ष आलेला नाही. त्यापेक्षा एकच शहर आणि त्याची दोन-तीन दशके हाती घे. मी पुणे सुचवीन.

१८९३ पूर्वी पुण्यात आणि दख्खनच्या कितीतरी गावांत हिंदू माणसे मोहरमात नवस बोलत, डोले म्हणजे ताबूत (इमाम हुसेन यांच्या कबरीच्या प्रतिकृती) बसवत, मिरवणुकीत वाजवत चालत. त्या वर्षी जुलैमध्ये काठेवाडातील प्रभासपाटण येथे दंगल झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबई पेटली. सरकार मुसलमानांना झुकते माप देते ही हिंदूंमध्ये पसरलेली भावना लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ठामपणे मांडली. पुढच्या वर्षी पुण्यातील बहुसंख्य हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने मोठे रूप घेतले. त्यातील मेळ्यांवर, म्हणजे पदे गात फिरणाऱ्या पथकांवर, मोहरमच्या मिरवणुकीचे वळण अनेक अभ्यासकांना दिसले आहे. त्याच मेळ्यांच्या काही पदांतून मोहरमवर बहिष्कार घालण्याचे आवाहन होत होते. ज्याचा त्याग करायचा त्याचाच साचा उचलायचा, ही गोष्ट नीट समजून घे, कारण दुभंगलेल्या समाजात धर्माचे नवे रूप पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहतच घडते.

येथे बदल दोन्ही बाजूंनी झाला. घराच्या कुलाचारानुसार दीड किंवा पाच दिवसांनी निरोप घेणारा गणपती पेठेचा झाला, त्याला वर्गणी आली, कार्यकर्ते आले, मिरवणुकीचा मार्ग आणि त्यावरून होणारे वाद आले. राजकारणालाही सभागृहातील अर्जविनंत्यांपलीकडचा श्रोता मिळाला, परंतु तो श्रोता भक्त म्हणून जमलेला असल्याने त्याच्याशी बोलण्याची भाषाही बदलली.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते १९१६ साल. ब्रिटिश सरकारच्या १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण केले होते, म्हणजे उमेदवाराला केवळ स्वधर्मीयांची मते मिळवली तरी पुरेसे होते आणि दुसऱ्या मोहल्ल्यात पाऊल टाकण्याची त्याला गरजच उरत नव्हती. लखनौला काँग्रेस आणि मुस्लीम लीग यांच्या करारात टिळकांनी या मतदारसंघांना पाठिंबा दिला. स्वराज्यासाठी त्यांनी दाखवलेले ते औदार्य मी मनापासून मोठे मानतो. तरीही वरच्या पातळीवर हात मिळाले म्हणून १८९४ साली पेठेत सुटलेला हात पुन्हा धरला गेला नाही. नेत्याचे मत एका अधिवेशनात बदलू शकते. रस्त्याला लागलेली सवय तशी बदलत नाही, आणि कायद्याने त्या सवयीला मतपेटीत जागा दिली की ती आणखी पक्की होते.

ही कथा केवळ हिंदू-मुसलमानांची आहे असे समजू नकोस. १९२० च्या दशकात केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातच छत्रपती मेळा काढला आणि ब्राह्मणेतरांचे राजकारण गणपतीपुढे गायले जाऊ लागले. सर्व हिंदूंना एकत्र आणण्यासाठी वाढवलेल्या उत्सवाने हिंदूंमधील जुनी दरी भररस्त्यात आणली, आणि ती लपून राहण्यापेक्षा उघड झाली हे मला इष्टच वाटते.

प्रबंधाला हात घालण्यापूर्वी एक मोहरम सांगली जिल्ह्यातील कडेगावला घालव. तेथील उंच ताबुतांच्या भेटींच्या सोहळ्यात हिंदूही मानकरी म्हणून सहभागी होतात. तो पाहून लगेच भारावून जाऊ नकोस. ताबूत कोण बांधतो, खर्च कोण उचलतो, मान कोणत्या घराण्यांना आहे, निवडणुकीच्या वर्षी पुढे कोण येऊन उभे राहते, हे वहीत लिहून घे. पुण्यात जे तुटले ते तेथे कशाच्या आधारावर टिकले, हे मला तुझ्या टिपणांतून वाचायचे आहे.

तुझा,
शिक्षक