हिरवी कॅप्सूल : कुणाला, किती, कधीपर्यंत?

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. माझं वय ५४. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ‘ई’ जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल रोज घेते. मिस्टर ६३ वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. थकवा जातो म्हणून तेही माझ्याबरोबर एक कॅप्सूल घेतात. मुलगी तीच फोडून मुरमांच्या डागांवर लावते. हे चालू ठेवावं का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : वहिनी, तुमच्या पोटऱ्यांकडे मागाहून येते. आधी मिस्टरांची कॅप्सूल आजच थांबवा. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र अजिबात थांबवू नका, ती झडपेसाठी आहे. या दोन्हींत गल्लत झाली तर भलतंच होईल, म्हणून हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

झडप बदललेल्यांना बहुधा वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल देतात. रक्त गोठायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं आणि या गोळ्या नेमकं तेच काम अडवतात. मोठ्या मात्रेतलं ‘ई’सुद्धा त्याच कामात आडवं येतं. मग हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर काळेनिळे डाग पडणं, लघवी लालसर होणं असं काहीही होऊ शकतं. तसं काही दिसलं, शौचाला काळं झालं किंवा अचानक जोराचं डोकं दुखलं, तर सोमवारची ओपीडी बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही झालेलं नसलं तरी त्यांच्या डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगा आणि आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) तपासणी कधी करायची ते विचारून घ्या. कॅप्सूल बंद केल्यावरही तो आकडा हलू शकतो. सांगली-मिरजेत झडपेचे पेशंट कमी नाहीत, पण काउंटरवर ‘ई’ मागताना ‘मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ असं आपणहून सांगणारा क्वचितच भेटतो. आणि विचारणारा दुकानदारही क्वचितच भेटतो, हे आमच्या धंद्यातली म्हणूनच लिहिते.

आता मात्रेचं. स्ट्रिपवर टोकोफेरिल अ‍ॅसिटेट ४०० मिलिग्रॅम असं छापलेलं असतं. हे कारखान्यात तयार केलेलं रूप. त्यातलं शरीराच्या खऱ्या उपयोगाचं धरलं तर साधारण १८० मिलिग्रॅम भरतं. अमेरिकेत मोठ्या माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये बारा दिवसांचं आलं.

आणि ही गरज भागवायला आपल्याकडं काय कमी आहे? मूठभर शेंगदाण्यांत सुमारे अडीच मिलिग्रॅम ‘ई’ असतं, मोठा चमचाभर शेंगतेलात दोन. करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलात चमच्याला साडेचार ते साडेपाच. भाजीत कूट, ताटात शेंगाचटणी, चार वाजता भडंग, वर पालक-मेथी. आपण नकळत खातच असतो. फक्त तेच तेल पुन्हा पुन्हा कढवून वापरू नका, त्यात ‘ई’ टिकत नाही. खरी कमतरता सहसा ज्यांच्या आतड्यांत स्निग्ध पदार्थ शोषलेच जात नाहीत त्यांना, यकृत-पित्ताचे काही जुने आजार असलेल्यांना आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना होते. हातपाय बधिर होणं, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. नुसता थकवा हे काही तिचं लक्षण नव्हे.

‘पण हार्टला चांगलं असतं म्हणतात,’ असं मिस्टर म्हणतील. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, म्हणून मोठमोठ्या चाचण्या झाल्या. हृदयविकाराचा धोका असलेल्यांना वर्षानुवर्षं रोज ४०० युनिट ‘ई’ देऊन पाहिलं (युनिट हे मात्रा मोजायचं माप, तुमची कॅप्सूलही साधारण ४०० युनिटचीच). २००० साली निकाल आला : काही फायदा नाही. त्याच लोकांवर पुढं लक्ष ठेवलं, तेव्हा ‘ई’ घेणाऱ्यांत हृदय थकण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. ‘सिलेक्ट’ नावाच्या चाचणीत ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. त्यात रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला, असं २०११ मध्ये जाहीर झालं. मिस्टरांच्या वयाला ही बातमी साधी नाही.

पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर ‘ई’चा उपयोग होतो, याला भक्कम आधार नाही. हंगामात तुम्ही शेडवर दिवसभर उभ्या राहून बेदाणा निवडत असणार, उन्हात घाम गाळत असणार, आणि लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी कमी पीत असणार. बायका हे सांगत नाहीत, पण शेडवर सर्रास चालतं. तर पाणी प्या, मधून मधून खाली बसा. झोपण्याआधी भिंतीला तळवे टेकून, टाच जमिनीवरून न उचलता पोटरी ताणा. गोळा आला की पायाचा अंगठा आपल्याकडं ओढा. बीपीची गोळी असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे का, ते विचारा. त्यानंही गोळे येतात. एवढ्यानं थांबलं नाही, तर थायरॉइड, शुगर, किडनीच्या तपासण्या कराव्या लागतील.

मुलीला सांगा, कॅप्सूलमधलं तेल चेहऱ्याला लावायचं नसतं. मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर असलं चिकट तेल म्हणजे नव्या मुरमांना आमंत्रण. ऑपरेशनच्या व्रणांवर ‘ई’ लावून बघणारी एक छोटी चाचणी १९९९ मध्ये मायामीत झाली होती. व्रण सुधारले नाहीत, उलट तिघांतल्या एकाला पुरळ उठलं.

प्रश्न : माझं वय ४१, मी वाईला असतो. फॅटी लिव्हर निघालं म्हणून डॉक्टरांनी ‘ई ४००’ रोज दोन लिहून दिल्या. जिममधले मित्र ‘व्हिटॅमिनच आहे, घे कायम’ म्हणतात. स्ट्रिप संपल्यावर पुढं काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या चिठ्ठीला आधार आहे. ज्यांना मधुमेह नाही, पण यकृतात चरबीबरोबर सूजही आहे, अशांना रोज ८०० युनिट ९६ आठवडे देऊन पाहिलं होतं. ४३ टक्के लोकांच्या यकृतात सुधारणा दिसली, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. हे २०१० साली छापून आलं. पण त्या सगळ्यांची सूज यकृताचा तुकडा काढून तपासलेली होती. नुसत्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन’ निघालेल्या प्रत्येकाला ते लागू होत नाही. तुम्हाला शुगर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर तेही.

जिममधल्यांचं ‘कायम’ सोडून द्या. किती महिने घ्यायची आणि पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. वजन उतरवायचं काम गोळी करणार नाही, ते जिममध्येच होईल. आणि घेताय तोवर कॅप्सूल जेवणानंतर घ्या. ‘ई’ तेलात विरघळतं, उपाशीपोटी नुसत्या चहाबरोबर घेतलं तर नीट अंगी लागत नाही.