क्ष² + य² = 1105 ची सगळी पूर्णांक उत्तरं मिळाली, हे कसं ओळखायचं?

एकेक संख्या घालून बघताना तुम्हाला (33, 4) आणि (32, 9) या दोन जोड्या सापडल्या, आणखी आहेत का ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आहेत, अजून दोन. पण शोधत बसू नका, आधी 1105 चे अवयव पाडा: 5 × 13 × 17.

कोणत्याही वर्गाला 4 ने भागलं की बाकी 0 किंवा 1 उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेत बाकी 3 येऊच शकत नाही. इथपर्यंत बहुतेकांना येतं, आणि फसगतही इथेच होते. 21 ला 4 ने भागून बाकी 1 उरते, म्हणजे उत्तर असणारच, असं धरून मुलं पानं भरतात. 21 मध्ये 3 आहे, तिकडे बघायला हवं. 3 ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या वर्गाला 3 ने भागलं तर बाकी कायम 1. मग बेरजेला 3 ने भाग जायचा असेल तर क्ष आणि य दोघांनाही जायला हवा, आणि तसं झालं की बेरजेला थेट 9 ने भाग जातो. 21 ला जात नाही, उत्तर नाही. 7, 11, 19 यांसारख्या, 4 ने भागून 3 उरणाऱ्या सगळ्या मूळ संख्यांचं असंच असतं: एकीचाही घातांक विषम असला की थांबायचं.

5, 13, 17 यांची बाकी 1. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि क्रम व चिन्ह सोडलं तर एकाच प्रकारे. फर्माने हे 1640 मध्ये सांगितलं, ऑयलरने पुढे शंभरेक वर्षांनी सिद्ध केलं.

आता जोडायचं कसं?

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²

ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेल्या 'भावने'चंच हे एक रूप. मला संख्या सिद्धांतातलं हे सर्वांत लाडकं सूत्र वाटतं. 5 साठी (2, 1), 13 साठी (3, 2) घ्या: 6 − 2 = 4, 4 + 3 = 7. म्हणजे 65 = 4² + 7². चिन्हं उलटी केली की 8 आणि 1. या दोन्ही जोड्या 17 च्या (4, 1) शी तशाच दोन-दोन प्रकारे जोडा. (7, 4) पासून (24, 23) आणि (32, 9) मिळतात, (8, 1) पासून (31, 12) आणि (33, 4).

सगळी मिळाली का, याची मोजणी वेगळी करता येते. बाकी 1 वाल्या प्रत्येक मूळ संख्येच्या घातांकात 1 मिळवा, सगळ्यांचा गुणाकार करा, 4 ने गुणा: 4 × 2 × 2 × 2 = 32. एका जोडीतून चिन्हं आणि अदलाबदल धरून 8 उत्तरं येतात, म्हणून चारच जोड्या.

शून्य किंवा दोन्ही सारख्या संख्या आल्या की मात्र 8 ऐवजी 4 धरा. 2025 = 3⁴ × 5² बघा: 3 चा घातांक सम आहे, चालेल, आणि मोजणी 4 × 3 = 12. (45, 0) ची 4, (36, 27) ची 8.