आधी दोन स्पीकर, मग बारा

प्रिय,

चारही गाणी नीट ऐकली. स्टिरिओ मिक्स छान जमलंय. दुसऱ्या गाण्यात बेस जरा फुगलाय, पण त्यावर वेगळं लिहीन. आता तुझा खरा प्रश्न. स्टुडिओवाले म्हणतायत की चारही गाण्यांचं डॉल्बी ॲटमॉस मिक्स, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही येतोय असं वाटायला लावणारं, करून घे, आणि त्याचा खर्च मूळ मिक्सिंगच्या जवळपास जातोय. करू की नको?

चारही नको. एक कर, आणि तेही आत्ता नाही. आधी गाणी स्टिरिओत बाहेर पडू देत. कुठलं एक करायचं आणि का, हे सांगण्यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय.

ॲटमॉस सिनेमागृहांत 2012 साली आलं आणि गाण्यांकडे नंतर वळलं. ॲपल म्युझिकने जून 2021 मध्ये ते सगळ्या सदस्यांना खुलं केलं आणि तिथून हा गाजावाजा सुरू झाला. स्टिरिओत तू जे काही करतेस ते शेवटी डाव्या-उजव्या दोन चॅनेलांत ओततेस. इथे एकूण 128 ट्रॅकपर्यंत मुभा असते. त्यातले काही ‘बेड’चे, म्हणजे ठरलेल्या स्पीकरांना बांधलेले. बाकीचे ‘ऑब्जेक्ट’: आवाज आणि सोबत तो खोलीत कुठे आहे याची नोंद. ऐकणाऱ्याकडे किती स्पीकर आहेत ते पाहून रेंडरर, म्हणजे ही नोंद वाचणारं सॉफ्टवेअर, तिथल्या तिथे वाटणी करतो. मिक्स करणारा बहुतेकदा 7.1.4 च्या खोलीत बसलेला असतो: कानाच्या उंचीवर सात स्पीकर, एक सबवूफर, छताला चार. एकूण बारा.

तुझ्या श्रोत्यांपैकी किती जणांकडे बारा स्पीकर आहेत? ते हेडफोन लावून ऐकणार, म्हणजे तुझं ॲटमॉस मिक्स त्यांच्यासाठी पुन्हा दोनच चॅनेलांत येणार. फक्त वेगळ्या वाटेने. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला साधारण 0.6 ते 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो, डोक्याच्या आडोशाने थोडा मंद होतो आणि कानाच्या पाळीच्या वळणांनी त्याचा पोत बदलतो. एवढ्या खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो. बायनॉरल, म्हणजे हेडफोनवरच्या दोन कानांसाठीचा, रेंडरर याच खुणा गणिताने तयार करतो, पण कुठल्या तरी सरासरी डोक्याच्या आणि सरासरी कानांच्या हिशेबाने. ज्याचे कान त्या सरासरीच्या जवळचे, त्याला गाणं खरंच डोक्याबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं. बाकीच्यांना नुसता आवाज लांब गेल्यासारखा आणि उगाच रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) वाढवल्यासारखा वाटतो. ‘माझ्या मित्राला भारी वाटलं, मला काहीच नाही’ ही तुझी तक्रार म्हणूनच खरी आहे. तुम्हा दोघांच्या कानांत दोष नाही.

आणखी एक भानगड. डॉल्बीच्या रेंडररमध्ये प्रत्येक ट्रॅक हेडफोनवर जवळ, मध्यम की दूर ऐकू यावा हे ठरवता येतं. ॲपल स्वतःचा रेंडरर वापरतं आणि या सेटिंगकडे बघतच नाही. स्टुडिओत तुझा आवाज कानाजवळ आणून ठेवलेला असेल, तो ॲपलवर दोन पावलं मागे सरकू शकतो. आणि एअरपॉड्स लावलेल्या माणसाने सेटिंगला हातही लावला नसेल, तर ॲपल म्युझिक आपणहून ॲटमॉसच वाजवतं. म्हणजे हे मिक्स स्टिरिओच्या सोबत राहत नाही, त्या श्रोत्यासाठी त्याची जागाच घेतं. कच्चं मिक्स टाकलंस तर तुझ्या गाण्याची पहिली ओळख त्या कच्च्या रूपातच होईल. माझ्या लेखी एवढं एक कारण चार घाईच्या मिक्सपेक्षा एक नेटकं निवडायला पुरेसं आहे.

स्टुडिओवाले रॉयल्टीचं आमिष दाखवतील. ते खोटं नाही. जानेवारी 2024 पासून ॲपल स्पेशियल ऑडिओमध्ये (त्यांच्याकडे ॲटमॉस याच नावाखाली मिळतं) उपलब्ध असलेल्या गाण्याचा वाटा काढताना प्रत्येक प्ले 1.1 ने धरतं, बाकीच्यांचा 1 ने. श्रोत्याने स्टिरिओतच ऐकलं तरी चालतं, गाणं उपलब्ध असलं की झालं. पण मूळ थैली तीच आहे, म्हणून तुला मिळणारं जास्तीचं कुणाच्या तरी वाट्यातून येतं. लहान लेबलांनी यावर नाराजी दाखवली ती त्यासाठीच. तू मात्र तुझा हिशेब कर. गेल्या वर्षी फक्त ॲपलवरून किती आले? त्याचे दहा टक्के काढ आणि स्टुडिओच्या आकड्याशेजारी मांड. मिक्सचे पैसे फिटायला किती वर्षं लागतील ते दिसेल. हजारो गाण्यांचा जुना साठा असलेल्या कंपनीला हे परवडतं. तुझ्यासारखीला नाही.

‘हेही चार दिवसांचं फॅड आहे’ असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या बाजूने इतिहास आहे. 1970 च्या दशकात चार स्पीकरांचं क्वाड्राफोनिक आलं, एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धतींत अडकलं आणि दशक संपता संपता विझलं. मग 1999-2000 च्या सुमारास एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या दोनाहून जास्त चॅनेल मावणाऱ्या डिस्क आल्या. त्यांचंही फार काही झालं नाही. दोन्ही वेळा श्रोत्याला नवं यंत्र विकत घ्यावं लागत होतं. या वेळी त्याच्या खिशात ते आधीच आहे. त्यामुळे हे इतक्यात जाईल असं मला वाटत नाही. पण टिकेल म्हणून आजच धावलं पाहिजे, असंही नाही.

आता ते एक गाणं. तिसरं घे, पावसाच्या रेकॉर्डिंगवर सहा-सात थरांचा कोरस आहे ते. स्टिरिओत ते थर एकमेकांवर चढतात, म्हणून इक्यू (सूरपट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) लावून लावून तू प्रत्येकाची जागा कोरलीस. त्यांना खोलीभर पसरलंस तर तेवढी कापाकापी लागणारच नाही. शिवाय ॲपलला ॲटमॉस फाइलचा सरासरी लाउडनेस (आवाजाचा मोठेपणा) -18 एलकेएफएसच्या, म्हणजे तो मोजायच्या एककाच्या, वर चालत नाही. स्टिरिओत गाणं मोठं वाजावं म्हणून लिमिटरने, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणाऱ्या साधनाने, ज्या शिखरांचा चुराडा होतो, ती इथे जिवंत राहतात. मला विचारशील तर ॲटमॉसची खरी कमाई ही आहे. डोक्याभोवती गिटार फिरवण्यात काही नाही, ती गंमत एका कडव्यात संपते.

पहिल्या गाण्याला मात्र हात लावू देऊ नकोस. एक आवाज, एक गिटार, अगदी कानाशी गायलेलं. त्याला खोली दिली की त्यातली जवळीकच जाईल.

एक गोष्ट स्टुडिओवाले आपणहून बोलत नाहीत. तुझ्या स्टिरिओ मिक्सचा जो घट्टपणा तुला आवडतो, त्यातला बराचसा मास्टर बसवरच्या, म्हणजे सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र येतात तिथल्या, कॉम्प्रेसर (चढउतार आवळणारा) आणि सॅच्युरेशनमुळे (आवाजाला थोडी ऊब देणारी विकृती) आलाय. ॲटमॉसमध्ये सगळं एकत्र येईल अशी दोन चॅनेलांची बसच नाही. तोच रंग प्रत्येक गटावर वेगळा चढवावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि घाईत तेच वगळलं जातं. मग ड्रम्स आणि बेस सुटे सुटे वाटतात. बेसवरून आठवलं, तो फक्त एलएफईवर, म्हणजे सबवूफरच्या वेगळ्या चॅनेलवर, ठेवू देऊ नकोस. ॲटमॉस दोन चॅनेलांत उतरवताना (डाउनमिक्समध्ये) तो चॅनेल सहसा गळून पडतो.

तोवर घरी हात साफ कर. लॉजिक हे ॲपलचं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर तू वापरतेसच, त्यात 2021 च्या 10.7 आवृत्तीपासून ॲटमॉसचा रेंडरर आहे, वेगळं काही घ्यायला नको. हेडफोनवर काम भागतं. थर पसरून बघ, आवाज मध्येच ठेव, आणि दर थोड्या वेळाने स्टिरिओ लावून विचार की गाणं सुधारलं की नुसतं मोठ्या खोलीत गेलं. चारही गाण्यांचे स्टेम (आवाज, ड्रम्स, गिटार अशा प्रत्येक भागाच्या वेगळ्या फाइली) आजच काढून ठेव: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सगळे शून्यापासून सुरू होणारे, इफेक्टसह आणि इफेक्टविना असे दोन संच. ॲटमॉसची लांबी स्टिरिओशी तंतोतंत जुळावी लागते आणि त्याला वेगळा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो. मिक्स नंतरही जोडता येतं, फक्त तुझा डिस्ट्रिब्युटर (गाणी ॲपलसारख्या सेवांवर पोचवणारी कंपनी) ती सोय देतो का हे आधी विचारून घे.

स्टुडिओला पैसे देण्याआधी चार गोष्टी विचार. मिक्स मल्टिट्रॅकवरून करणार की स्टिरिओ फाइल फुगवून? फुगवून म्हणाले तर तिथेच थांब, ॲपललाही तसलं नको असतं. खोलीत खरोखर स्पीकर आहेत का? ॲपलच्या रेंडररवर ऐकून तपासणार का? आणि शेवटी एडीएम फाइल, म्हणजे ॲटमॉस मिक्सचा मूळ मास्टर, तुझ्या हातात देणार का? हे शेवटचं लेखी घे. का-कू करायला लागले तर पैसे देऊ नकोस, मला कळव. दुसरीकडे विचारून बघू.

तिसऱ्या गाण्याचे स्टेम पाठव, कोरसचे थर वेगवेगळे ठेवून.

सस्नेह