गाडी दारी, प्रश्न भारी: आर्मीचा ट्रक घ्यायचाय? आधी कागद दाखवा

प्रश्न: भाऊ नमस्कार. काटोल रोडला फेटरीजवळ आमची थोडी शेती आहे, जागेचा प्रश्न नाही. लहानपणी मामाकडे कामठीला जायचो तेव्हा शक्तिमान ट्रकांची रांग दिसायची, तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता एक कबाडी म्हणतो आर्मी डिस्पोजलचा शक्तिमान आहे, इंजिन चालू, पैसे द्या अन् घेऊन जा. बायको म्हणते आधी डोकं तपासून घ्या. काय करू?
(एक वाचक, फ्रेंड्स कॉलनी)

उत्तर: वहिनींचं अर्धं बरोबर आहे, तपासायचं आहे पण डोकं नाही, कागद.

शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या लायसन्सवर 1959 पासून जबलपूरला बनलेला ट्रक. दणकट आहे यात वादच नाही, अन् जबलपूर आपल्या नागपूरपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास म्हणजे सिवनीत नाश्ता करून दुपारी पार्ट शोधायला हजर, पुण्या-मुंबईवाल्यांना हे सुख नाही. पण लोक इंजिनचा आवाज ऐकतात अन् खिशात हात घालतात, तिथंच फसतात. आर्मीची गाडी आपल्या आरटीओत रजिस्टर झालेलीच नसते. तिला तो वर तोंड केलेल्या बाणाचा नंबर असतो, गाडी लिलावात निघाली की तो संपला. मग सिव्हिल नंबर घ्यायचा तर मूळ सेल सर्टिफिकेट पाहिजे, फॉर्म 21, आर्मीच्या संबंधित अधिकाऱ्यानं दिलेलं. कबाड्याच्या बिलबुकातली पावती नाही चालत, अन् झेरॉक्स तर मुळीच नाही. "कागद नंतर देतो" म्हणाला की चहा प्यायचा अन् उठायचं.

कागद असला तरी फ्रेमवरचा चेसिस नंबर तारेच्या ब्रशनं साफ करा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो, तो सर्टिफिकेटशी एकेक आकडा जुळवा. इंजिन नंबरचंही तसंच. माझंच सांगतो. माझी पहिली गाडी जोंगा, आर्मीची जीप (हे नाव म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीची आद्याक्षरं, मूळ गाडी निसानची). मी चेसिस जुळवला, सीट पाहिल्या, हॉर्न पण वाजवून पाहिला, इंजिन नंबर तेवढा राहिला. कागदावर 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन अन् बोनेटखाली कोणीतरी बसवलेलं डिझेल. ज्याच्याकडून घेतली त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि गाडी दीड वर्ष शेडमध्ये उभी, बोनेटवर कोंबड्या बसायच्या.

थेट लिलावातून घ्यायची असेल तर एमएसटीसी या सरकारी कंपनीचा ऑनलाइन लिलाव असतो. आधी रजिस्ट्रेशन, मग डिपॉझिट, मग बोली. माल "जसा आहे, जिथं आहे" या अटीवर, म्हणजे नंतर तक्रार करायला तोंड नाही. पाहणीच्या दिवशी स्वतः जा, फोटोवर भरोसा नको. बरेचदा एका लॉटमध्ये चार-पाच गाड्या असतात अन् एकटा माणूस अडकतो, म्हणून लोक मिळून घेतात. जीएसटी, क्रेन अन् ट्रेलरचा खर्च बोलीच्या वर धरा, मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं लागतं. आणि लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, काही लॉट फक्त रजिस्टर्ड स्क्रॅपिंग सेंटरसाठी असतात, त्यात आपण हौशे बसतच नाही.

लायसन्सचं पण पाहून घ्या. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला हो म्हटलंय, पण शक्तिमान त्यात बसत नाही, त्याच्या वरचं लायसन्स काढावं लागेल. नुसता शेतात उभा करून रविवारी पुसायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण रस्त्यावर आणायचाच नाही हे एकदा नक्की ठरवा.

प्रश्न: आर्मीचा निसान वन टन ट्रक घेतलाय, कागद ओके आहेत. सात-आठ वर्षं उभा होता, इंजिन जाम आहे. नवीन बॅटरी लावून सेल्फ मारू का? टायर पण बसलेत, पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेऊ का?
(एक वाचक, कामठी रोड)

उत्तर: दोन्ही नका करू, दुसरं तर बिलकुल नका!

आधी इंजिन. सगळे प्लग काढा, अर्धं डिझेल अन् अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग पुढून हँडल लावून हातानं थोडं इकडं थोडं तिकडं, जोर न करता. सुटलं की जुनं मोबिल काढा, टाकी उतरवून धुवा (आत सडक्या वार्निशसारखा वास येईल), ब्रेकचे रबर कप सगळे बदला, त्यानंतर बॅटरी.

आता टायर. आर्मीच्या काही चाकांत रिम दोन भागांची असते, नटांच्या एका गोल रांगेनं जोडलेली. चाक हबवर बसवायचे नट वेगळे अन् हे वेगळे. हवा असताना यातला एक जरी नट ढिला केला तर रिम तोफगोळ्यासारखी सुटते. लॉक रिंगच्या (टायर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्याच्या) रिमचंही तेच, गंजलेली रिंग हवा भरताना उडते. त्यामुळे रोडसाइडवाल्याच्या हातात देऊ नका, वाडीला ट्रकचं काम करणारे जुने टायरवाले आहेत त्यांच्याकडे न्या, लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायला सांगा आणि समोर उभं राहून पाहू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2314 असेल तर 2014 चा तेविसावा आठवडा. वरची नक्षी कितीही चांगली दिसो, नागपूरच्या उन्हात इतकी वर्षं उभं राहिलेलं रबर गेलेलंच समजा.

अन् मे महिन्यात सिग्नलला बंद पडली तर घाबरू नका, पेट्रोल लाइनमध्येच उकळतं. इंजिनजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा, निघते.

प्रश्न: ओरिजिनल हिरवा रंग अन् बाणाचा नंबर ठेवला तर चालेल का?
(एक वाचक, बुटीबोरी)

उत्तर: नाही चालत. मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त डिफेन्सच्या गाड्यांना, बाण तर विचारूच नका. घासायच्या आधी जुन्या स्टेन्सिलचे फोटो काढून ठेवा, घासताना एकाखाली एक अक्षरं निघतात, मजा येते. मग दुसरा रंग मारा अन् आरसीत तोच लिहून घ्या. मी जोंगाला राखाडी मारला. कॉलनीतली पोरं विचारतात, काका ही डास मारायची गाडी का?