'१८९९' अर्ध्यावर बंद पडली. तिचा शेवट आपणच मराठीत करायचा तर कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेटफ्लिक्सने '१८९९' ही मालिका एका सीझननंतर गुंडाळली. ठाणे, ऐरोली आणि वाशीचे तुम्ही सहा जण तिचा शेवट मराठीत करणार आहात. व्हिडिओ करावा का, किती लांबीचा, आवाज कसा टिपावा आणि कायद्याची अडचण येते का? (पुढे आठव्या भागाचा शेवट फोडलेला आहे. पाहिली नसेल तर इथेच थांबा. पाहून विसरला असाल तर: १८९९ सालच्या केर्बेरोस जहाजावरची मॉरा शेवटी २०९९ मधल्या अंतराळयानात जागी होते. जहाज म्हणजे नुसतं सिम्युलेशन, संगणकाने उभं केलेलं खोटं जग. डॅनिएल तिचा नवरा, एलियट मुलगा आणि किअरन भाऊ.)

व्हिडिओचा नाद सोडा. ती मालिका जर्मनीत बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत एलईडी पडद्यांच्या अजस्र भिंतीसमोर चित्रित झाली. दिवाणखान्यात हिरवं कापड लावून उभं केलेलं अंतराळयान तिच्या शेजारी केविलवाणंच दिसणार. श्रुतिका करा, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. एकांकिका करणारी दोन-तीन पोरं तुमच्या ओळखीत असतीलच, वाचिक अभिनयाची बाजू ती सांभाळतील.

लांबी ४० मिनिटं, त्यापुढे नको. मूळ लेखकांच्या डोक्यात तीन सीझन होते म्हणून तुम्हीही सोळा भाग उरावर घेऊ नका. 'स्पेस: १९९९' ही ब्रिटिश मालिका ४८ भागांनंतर १९७७ मध्ये बंद झाली आणि तिला शेवट मिळाला तो १९९९ मध्ये, चाहत्यांच्या संमेलनात दाखवलेल्या सातेक मिनिटांच्या फितीतून. चंद्रावरच्या तळावर शेवटची उरलेली सँड्रा पृथ्वीला निरोप पाठवते, बस. भूमिकेत तीच जुनी अभिनेत्री आणि संहिता मालिकेच्याच एका लेखकाची. एक माणूस, एक निरोप. बावीस वर्षं अडकलेलं काम तेवढ्यात झालं.

आता लिखाण. आठही भाग पुन्हा बघा आणि प्रत्येक अनुत्तरित प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. पन्नासेक चिठ्ठ्या सहज होतील. त्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग 'देणं': जे मालिकेने तोंडाने कबूल केलंय. किअरनने सगळा ताबा का घेतला, डॅनिएल कुठे आहे, एलियटचं खरं काय झालं आणि २०९९ चं यान तरी खरं आहे का, एवढ्या चारच चिठ्ठ्या यात याव्यात. दुसरा ढीग 'कुतूहल': लिंग यी, जेरोम, आंखेल, तोव्ह, म्हणजे बाकीच्या प्रवाशांच्या कहाण्या. यातल्या दोन घ्या, बाकीच्यांना यानात झोपू द्या. तिसरा ढीग 'सजावट': त्रिकोणाची चिन्हं, दारं उघडणारा तो हिरवा किडा. याला हात लावू नका. बहुतेक ग्रुप नेमके इथेच फसतात. किड्याचा खुलासा करण्यात दहा मिनिटं घालवतात आणि आईला तिचा मुलगा भेटला की नाही हे शेवटच्या दोन वाक्यांत उरकतात.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. 'हे २०९९ सुद्धा खोटंच, अजून एक सिम्युलेशन' ही कल्पना तुमच्यापैकी किमान दोघांना सुचलेली असणारच. सुचली तरी वापरू नका. त्याने देणं फिटत नाही, फक्त वरच्या मजल्यावर ढकललं जातं. शिवाय सगळंच खोटं असू शकतं म्हटल्यावर कोणाच्या मरण्याचंही काही वाटेनासं होतं. शंका एकदा येऊ द्या, मॉरालाच येऊ द्या, पण तिसाव्या मिनिटाच्या आत परत न फिरवता येणारी एक गोष्ट घडवा. कोणी मरू दे, किंवा मॉराच्या हातून असं काही होऊ दे की परत झोपायची सोयच उरणार नाही. वास्तव कुठलं, हे ऐकणाऱ्याला तिथे कळलं पाहिजे.

सुरुवात मात्र मालिकेनेच देऊन ठेवलीय. मॉरा जागी होते तेव्हा पडद्यावर १९ ऑक्टोबर २०९९ ही तारीख, १,४२३ प्रवासी आणि ५५० कर्मचारी असे आकडे असतात. बेरीज १,९७३. निवेदकाकडून 'मागील भागात आपण ऐकलं' करू नका. मॉराला ते आकडे मोठ्याने वाचू द्या, घसा कोरडा, अडखळत. शेवटच्या प्रसंगात तिलाच पुन्हा मोजायला लावा आणि येणारा आकडा १,९७३ नसू दे. कमी आला की जास्त, हे आधी ठरवा आणि तो प्रसंग सगळ्यात आधी लिहा. 'बॅबिलॉन ५' या अमेरिकी विज्ञानमालिकेचा अखेरचा भाग असाच चौथ्या सीझनसोबत चित्रित करून ठेवला होता. पाचवा सीझन मिळाल्यावर तो राखून ठेवला आणि १९९८ मध्ये दाखवला. शेवट हातात असला की मधलं कितीही कापता येतं.

किअरनचा निरोप मालिकेत पडद्यावरची अक्षरं आहे, तुम्हाला त्याला आवाज द्यावा लागेल. 'हॅलो सिस्टर'चं 'नमस्कार भगिनी' केलंत की पौराणिक मालिका सुरू होते. 'ताई' म्हटलं तर उगाच जिव्हाळा येतो. माझ्या मते, 'काय गं, आली का जाग?' त्या 'गं'मध्ये भावाचा हक्क आहे आणि धमकीही. मूळ मालिकेत प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो, त्याची नक्कल म्हणून एकाला आगरी, दुसऱ्याला मालवणी देऊ नका. लोक हसतील, आणि नको तिथे.

हिशेब असा: मराठी संवाद मिनिटाला साधारण ११० शब्द धरा. ४० पैकी ८ मिनिटं शांततेला आणि आवाजांना ठेवलीत तर उरलेल्या ३२ मिनिटांचे साडेतीन हजार शब्द होतात. नऊ-दहा प्रसंग, जास्तीत जास्त सहा आवाज. सातवा आला की ऐकणारा 'हा कोण?' विचारत बसतो. चर्चा सहाही जणांनी करा, पण अखेरची संहिता एकाच्याच हातची हवी. व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन लिहिलेले संवाद लगेच ओळखू येतात.

रेकॉर्डिंगसाठी डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर प्रकारचा माइक शेजारच्या बिल्डिंगमधला कुकरही टिपतो. माइकपासून तोंड एक वीतभर लांब आणि जरा तिरकं, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. जोडकामाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. खोलीत भिंतीवर नुसत्या चादरी लावून भागत नाही. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाका, बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला. कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवा. पंखा बंद, फ्रिजही बंद, आणि स्कूटरची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी निघताना तो चालू करायचं कोणी विसरणार नाही. प्रत्येक बैठकीत कोणीही न बोलता ३० सेकंद रिकामी खोली टिपा. जोडकामात संवादांमधल्या फटी त्यानेच भरतात, नाहीतर प्रत्येक वाक्यामागे आवाज 'तुटतो'.

वेळ रात्री उशिराची, गाड्या थांबल्यावरची. नौपाड्यात किंवा ऐरोली-रबाळ्यात रुळांजवळचं घर असेल तर दिवसा चार मिनिटांचा प्रसंग सलग मिळणं कठीण. जून ते सप्टेंबर टाळा. खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस कुठल्याही फिल्टरने जात नाही, आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशाचे सराव असतातच.

यानाचे आवाज सोसायटीतच आहेत. लिफ्टच्या मशिनरूमची घरघर निम्म्या वेगाने वाजवा, इंजिन तयार. लिफ्टची लोखंडी जाळी आणि पिठाच्या डब्याचं झाकण एकत्र केलं की हवाबंद दार होतं. टाकीवर जायच्या लोखंडी शिडीवरची पावलं सेक्रेटरीला सांगून टिपा. समुद्र हवा असेल तर वाशीच्या खाडीवर जाऊ नका, तिथे लाटा नाहीत, पुलावरच्या गाड्या आहेत. संवाद कोरडेच टिपा, घुमारा नंतर घाला. आधीच घुमलेला आवाज सुकवता येत नाही. अंतिम फाइल उणे १६ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणा.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात भाषांतर आणि रूपांतराचे हक्क मूळ मालकाकडे आहेत, आणि विदेशी कृतींनाही इथे संरक्षण आहे. कलम ५२ मधली सूट खासगी वापर, समीक्षा अशा कामांपुरती. 'आम्ही पैसे घेतले नाहीत' किंवा 'चाहत्यांची निर्मिती' ही पाटी म्हणजे ढाल नव्हे. 'स्टार ट्रेक'च्या मालकांनी २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियम काढले: एक गोष्ट १५ मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून ३०, आणि नावात 'स्टार ट्रेक' नको. ते नियम त्याच मालिकेपुरते आहेत, तुम्हाला लागू नाहीत. पण मालक कशावर बोट ठेवतात ते त्यावरून कळतं. मूळ शीर्षकगीत, म्हणजे 'व्हाइट रॅबिट', कुठल्याही रूपात घेऊ नका. यूट्यूबची यंत्रणा ते आपोआप पकडते.

ओळखीच्या वीस-पंचवीस जणांना घरी बसून ऐकवणार असाल तर आहे तसं करा. जगाला ऐकवायचं असेल तर नावं, यान आणि नाती बदला. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. झोपवून ठेवलेले प्रवासी आणि खोटं जग ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. मॉरा, केर्बेरोस आणि त्यांची नेमकी कहाणी आहे. तिकीट लावून किंवा खुल्या प्रयोगात नाट्यवाचन करायचा बेत असेल, मग ते ठाण्याच्या गडकरी रंगायतनात असो की वाशीच्या भावे नाट्यगृहात, तर बदललेली संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्या आणि तारीख त्यानंतरच घ्या.