होस्ट गेला, डिस्क शाबूत: व्हीएम परत उभ्या करताना

सामायिक स्टोरेजवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक) ठेवण्याचा मोठा फायदा असा, की तिला चालवणारा सर्व्हर, म्हणजे होस्ट, बंद पडला तरी डेटा त्याच्याबरोबर जात नाही. पण प्रत्यक्षात होस्ट पडला की त्या घाईत हातून काय काय होतं, ते वाचकांच्या प्रश्नांतून दिसतं. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न: आमच्याकडे तीन होस्ट आहेत आणि तिघांना एकच आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) स्टोरेज जोडलेलं आहे. एका होस्टला पिंग लागेनासं झालं. त्याच्यावरच्या व्हीएमच्या डिस्क स्टोरेजवर नीट दिसतात. त्या दुसऱ्या होस्टवर लगेच चालू केल्या तर चालेल का?

चालेल, पण तो होस्ट खरोखर बंद आहे याची खात्री झाल्यावरच. पिंग लागत नाही एवढ्यावरून ते ठरत नाही. स्विचचा पोर्ट गेला, केबल सैल झाली किंवा मॅनेजमेंटची सर्व्हिस अडकली, तरी बाहेरून होस्ट मेल्यासारखाच दिसतो. आत मात्र व्हीएम चालू असतात आणि स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कवरून डिस्कवर लिहीतही असतात.

अशा वेळी तीच व्हीएम दुसरीकडे चालू केली तर काय होतं ते नीट समजून घ्या. ईएक्सटी४, एक्सएफएस, एनटीएफएस या फाइलसिस्टिम एका वेळी एकच यंत्र लिहिणार असं धरून बनवलेल्या आहेत. कुठला ब्लॉक मोकळा आणि कुठला भरलेला, याची माहिती प्रत्येक यंत्र आपल्या मेमरीत बाळगतं. पहिल्या होस्टवरच्या व्हीएमने मोकळ्या ब्लॉकवर नवी नोंद लिहिली, तरी दुसऱ्या होस्टवरच्या व्हीएमच्या मेमरीत तो ब्लॉक अजून मोकळाच असतो, म्हणून तीही तिथेच लिहिते. फाइलसिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवण्याची जागा, हेसुद्धा दोन्हीकडून एकमेकांवर लिहिलं जातं. एकाच खतावणीत दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता नोंदी कराव्यात, तसा प्रकार. वाईट म्हणजे हे लगेच कळत नाही. तासभर सगळं सुरळीत दिसतं आणि पुढच्या रीबूटला फाइलसिस्टिम उघडत नाही. मग बॅकअपशिवाय मार्ग उरत नाही.

म्हणून आधी आयएलओ, आयडीरॅक किंवा जे काही आयपीएमआय कन्सोल (सर्व्हरची पॉवर दुरून हाताळण्याची सोय) असेल त्यातून होस्टची पॉवर बंद करा आणि ती बंद झाल्याचं तिथेच पाहा. कन्सोलही पोचत नसेल तर माणूस पाठवून वीज काढा. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, दोन्ही काढायला सांगा. तेही शक्य नसेल तर स्टोरेजच्या बाजूने त्या होस्टचा लनवरचा (स्टोरेजने दिलेल्या डिस्कवरचा) प्रवेश काढून टाका, म्हणजे तो जिवंत असला तरी लिहू शकणार नाही. याला फेन्सिंग म्हणतात. अनेक होस्ट एकत्र चालवणाऱ्या सगळ्या चांगल्या क्लस्टर सॉफ्टवेअरची पहिली पायरी हीच असते. हाताने काम करताना ती आपण स्वतः करायची, एवढाच फरक.

प्रश्न: प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीचे दोनच नोड (क्लस्टरमधले होस्ट) आहेत. एक जळाला. दुसऱ्यावर काहीही चालू करायला गेलं की क्वोरम नाही असा संदेश येतो.

दोन नोडमध्ये दोन मतं असतात आणि बहुमताला, म्हणजेच क्वोरमला, दोन्ही लागतात. एक गेला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, म्हणून क्लस्टरची सेटिंग ठेवणारा ईटीसी-पीव्हीई हा सगळा फोल्डर फक्त वाचण्यापुरता होतो. आधीच चालू असलेल्या व्हीएम चालू राहतात, नवं काही सुरू होत नाही. या नोडवर एचए (होस्ट पडला की व्हीएम आपोआप दुसरीकडे चालू करणारी सोय) लावलेलं असेल तर प्रकरण आणखी कडक: क्वोरम गेल्यावर साधारण ६० सेकंदांत वॉचडॉग हा राखणदार टायमर तो नोड स्वतःहून रीबूट करतो.

जळालेला नोड वीज काढून बंद आहे याची खात्री करा. मग उरलेल्या नोडवर पीव्हीईसीएमच्या एक्स्पेक्टेड आज्ञेने अपेक्षित मतं १ करा, म्हणजे फोल्डर लिहिण्यायोग्य होईल. त्यात नोड्सखाली प्रत्येक नोडच्या नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात क्यूईएमयू-सर्व्हर नावाच्या फोल्डरात प्रत्येक व्हीएमची तिच्या क्रमांकाची कॉन्फ फाइल. ती मेलेल्या नोडच्या फोल्डरातून चालू नोडच्या फोल्डरात हलवायची. कॉपी नाही, हलवायचीच. व्हीएम लगेच नव्या नोडखाली दिसते.

चालू करताना अडलं तर दोन गोष्टी आधी बघा. सीडी ड्राइव्हमध्ये जुन्या नोडच्या स्थानिक डिस्कवरची आयएसओ अडकलेली असते, ती काढा. आणि व्हीएम ज्या ब्रिजला (होस्टमधल्या आभासी नेटवर्क स्विचला) जोडली आहे त्या नावाचा ब्रिज या नोडवर नसतो. व्हीएमची डिस्कच जुन्या नोडच्या स्थानिक स्टोरेजवर असेल तर मात्र फाइल हलवून काही उपयोग नाही.

कायमचा उपाय म्हणून तिसरं मत आणा. त्यासाठी पूर्ण सर्व्हर लागत नाही, लहानशा यंत्रावर क्यूडिव्हाइस हे फक्त मत देणारं सॉफ्टवेअर बसवलं तरी पुरतं. ते यंत्र याच दोन नोडपैकी एकावर व्हीएम म्हणून मात्र ठेवू नका.

प्रश्न: व्हीएमवेअरमध्ये डेटास्टोअरवरून (व्हीएमच्या फाइली असलेल्या स्टोरेजवरून) व्हीएम दुसऱ्या होस्टवर नोंदवली. चालू करताना फाइल लॉक असल्याचं येतं. लॉक फाइल उडवू का?

उडवू नका. वर सांगितलेल्या अपघातापासून तुम्हाला वाचवणारं तेच आहे.

व्हीएमएफएसवर, म्हणजे व्हीएमवेअरच्या सामायिक फाइलसिस्टिमवर, प्रत्येक होस्ट डिस्कवरच ठरावीक वेळाने आपण जिवंत असल्याची खूण लिहीत असतो. खूण थांबली की दुसरा होस्ट थोडा वेळ थांबून जुनं लॉक स्वतः मोडतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. तरीही लॉक टिकून असेल तर ती फाइल कुणीतरी खरंच धरून बसलंय. व्हीएमकेएफएसटूल्स या आज्ञेला डी पर्याय देऊन ती त्या फाइलवर चालवा. ओनर या शब्दापुढच्या ओळख क्रमांकाच्या शेवटी लॉक धरणाऱ्या होस्टचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) मिळतो. तो मेलेला समजलेल्या होस्टचा निघाला, तर तो मेलेला नाही. दुसऱ्याच होस्टचा निघाला, तर बहुतेकदा बॅकअप घेणाऱ्या व्हीएमला ही डिस्क जोडलेली राहिलेली असते, ती तिथून सोडवा. एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या स्टोरेजवर) लॉकच्या छोट्या फाइली वेगळ्या दिसतात आणि त्या पुसण्याचा मोह होतो. होस्ट बंद असल्याचं पाहिल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

सुरू होताना व्हीएम हलवली की कॉपी केली असं विचारलं तर हलवली असं उत्तर द्या. कॉपी म्हटलं तर तिला नवी ओळख आणि नवा मॅक पत्ता मिळतो. मग डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेची) राखीव नोंद आणि मॅक पत्त्याला बांधलेलं लायसन्स दोन्ही बिघडतात.

प्रश्न: एचए चालू आहे. मग होस्ट पडला तर वापरणाऱ्यांना कळणारसुद्धा नाही ना?

कळेल. एचए व्हीएमला दुसऱ्या होस्टवर पुन्हा चालू करतं. ती न थांबता हलवणं वेगळं, आणि त्यासाठी दोन्ही होस्ट जिवंत लागतात. मेमरीत जे होतं ते गेलं. व्हीएमच्या दृष्टीने हे अचानक वीज जाण्यासारखंच आहे.

वेळही लागतो. प्रॉक्समॉक्सला होस्ट गेल्याचं ठरवून व्हीएम दुसरीकडे न्यायला साधारण २ मिनिटं लागतात. विंडोज सर्व्हर २०१६पासून मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही क्लस्टर संपर्क तुटलेल्या नोडला मूळ सेटिंगप्रमाणे २४० सेकंद सवलत देतं, तोवर व्हीएम दुसरीकडे जात नाहीत. ही ४ मिनिटं पाहून अनेक जण घाबरतात आणि हाताने काहीतरी करायला जातात. थांबा. तुमच्या कामाला तो वेळ परवडत नसेल तर सेटिंग शांतपणे, आधीच बदला.

परत उठल्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचं इनोडीबी आपल्या लॉगवरून स्वतःला सावरतं. मोठ्या डेटाबेसला त्यात वेळ जातो आणि पडदा अडकल्यासारखा दिसतो, तेव्हा पुन्हा रीसेट मारू नका. मायआयसॅमच्या टेबलांना हे संरक्षण नाही, त्या तपासून दुरुस्त कराव्या लागतात. आणि व्हीएमच्या डिस्कला अनसेफ कॅशे लावून ठेवला असेल तर व्हीएमने डिस्कवर पक्कं लिहायला सांगितलेलंही होस्टच्या मेमरीतच राहिलेलं असू शकतं. कामाच्या व्हीएमला तो पर्याय आजच काढा.

प्रश्न: एक्ससीपी-एनजी या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीमध्ये होस्ट मेलाय, तरी त्याच्यावरची व्हीएम चालू असल्याचं दिसतं.

पूलच्या (एकत्र जोडलेल्या होस्टच्या) नोंदीत ती अजून चालू आहे म्हणून. होस्टची वीज काढल्यावर एक्सईच्या व्हीएम-रीसेट-पॉवरस्टेट आज्ञेला फोर्स जोडून चालवा, व्हीएम बंद दिसेल आणि दुसरीकडे चालू करता येईल. आज्ञा फक्त नोंद बदलते, व्हीएम खरोखर बंद करत नाही. मेलेला होस्टच पूलचा मास्टर (सगळ्या नोंदी सांभाळणारा मुख्य होस्ट) असेल तर आधी दुसऱ्या होस्टला इमर्जन्सी-ट्रान्झिशनने मास्टर करा आणि बाकीच्यांना पूल-रिकव्हर-स्लेव्ह्जने त्याच्याकडे वळवा.

प्रश्न: दुरुस्त होऊन आलेला होस्ट सरळ जोडून टाकू का?

नको. पहिल्यांदा चालू करताना स्टोरेजच्या केबल काढलेल्या ठेवा किंवा लनचा प्रवेश अजून देऊ नका. होस्टबरोबर व्हीएम आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावलेली असेल, तर जुन्या नोंदीवरून तो त्याच व्हीएम पुन्हा चालू करायला बघेल. ती सेटिंग आणि जुन्या नोंदी आधी काढा. मेमरीची रात्रभर चाचणी घ्या, फर्मवेअर इतर होस्टसारखं करा, मग स्टोरेज जोडा आणि मेंटेनन्स मोडमध्येच क्लस्टरमध्ये घ्या. त्यावर आधी एखादी बिनमहत्त्वाची व्हीएम दिवसभर चालवून पाहा, बाकीच्या त्यानंतर.